पलीकडच्या अंगणातलं पाणी

तक्रार केली तेव्हा ढमी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि तिचं अंग नुसतं भाजत होतं. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने मी वरच्या खिडकीतून शेजारच्या बंद घराच्या मागच्या अंगणाचे फोटो काढले. नगरपालिकेच्या ॲपवर 'रिकामे घर' निवडलं, त्याखाली 'साचलेले पाणी, डास' निवडलं आणि पाठवून दिलं. 'तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे' या चौकटीत खूण करायला मात्र विसरले नाही.

डॉक्टरांनी सकाळी विचारलं होतं, "घराच्या आसपास कुठे पाणी साठतं का?"

"आमच्याकडे नाही हो. मी रोज बघते."

खरंच बघते. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, मोरीची जाळी. नवरा म्हणतो, बाळ झाल्यापासून तू घरात राहत नाहीस, पहारा देतेस. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर पहारा जरा पुढे नेला आणि खिडकीतून मान वाकडी करून पलीकडे पाहिलं. भिंतीलगत एक मोठा निळा टब काठोकाठ भरलेला. त्यातून सांडलेलं पाणी फरशीच्या खोलगट भागात पसरलेलं आणि त्यावर हिरवट साय धरलेली.

ते घर मशीनकाकूंचं. आमची दोन्ही घरं जुळी, मधली भिंत एकच. काकू घरीच शिलाईकाम करायच्या, आणि त्यांच्या मशीनचा आवाज भिंतीतून असा एकसुरी यायचा की ढमीला वेगळं जोजवावं लागत नसे. काकांच्या आजारपणात घर गहाण पडलं, काका गेले, हप्ते थकले आणि एक दिवस बँकेची माणसं येऊन कुलूप लावून गेली. काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे राहायला गेल्या. आमच्या भागात अशी कुलूपबंद घरं इतकी वाढली की नगरपालिकेने नवा नियमच काढला. घर ज्याच्या ताब्यात, मग ती बँक का असेना, त्याने त्याची नोंद करायची, दारावर पिवळी पाटी लावायची, अंगण स्वच्छ ठेवायचं, पाणी साठू द्यायचं नाही. देखभालीला एक माणूस नेमून त्याचं नाव कळवायचं. नाही केलं तर शेजाऱ्यांनी तक्रार करावी. नियम मला फारच आवडला होता. नवऱ्याला मीच वाचून दाखवला होता.

"झालं. आता वॉर्ड ऑफिसर घरातच," तो म्हणाला होता.

पिवळ्या पाटीनंतर लाल पाटी असते आणि तिचा अर्थ काय असतो, हे मात्र मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी त्या दिवशी फोटो पाठवलेच असते.

ढमीचा ताप उतरला. ती पुन्हा चमचे आपटायला लागली तेव्हा काकू तिला बघायला आल्या. दार उघडताच आधी पिशवी आत आली, मग काकू.

"कुठंय ती ढमाबाई? अगंबाई, केवढी वाळली! आईनंच खाल्लं का गं तुझ्या वाटचं?" त्यांनी पिशवीतून फ्रॉक काढून तिच्या अंगाला लावून पाहिला. "बघ, पोट मावावं म्हणून घेर सोडला होता. आता आत घ्यावा लागणार. तापानं माझं काम वाढवलं."

ढमी त्यांच्या चष्म्याला लोंबकळली. मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अगं, घरावर तक्रार झालीय कुणाचीतरी."

मी पातेलं शोधत राहिले. पातेलं समोरच होतं.

"बँकेतल्या साहेबांचा फोन आला. बिचारा माणूस चांगला आहे. हॉस्पिटलच्या गणवेशांचं काम मिळालंय ना मला, त्यावर हप्ते नव्यानं बांधून देतो म्हणालाय. कागद वर गेलेत. पण मला बजावून ठेवलं होतं त्यानं, काकू, तोवर नगरपालिकेकडून घराबद्दल काही येता कामा नये. लाल पाटी लागली की घर धोकादायक म्हणून ठरतं. मग दंड बसतो बँकेला, आणि बँक काय दंड भरत बसणारे? येईल त्याला विकून मोकळी होते. घेणारा घर पाडतो."

"असं असतं?" मी विचारलं.

"असंच असतं. आणि तुला सांगते, मला ठाऊक आहे कुणी केली ती. गॅरेजवाला."

गॅरेजवाले म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे. देखभालीचा माणूस म्हणून बँकेकडे त्यांचं नाव काकूंनीच दिलं होतं. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी ते काकूंचं पुढचं अंगण झाडून जायचे. एक पैसा न घेता.

"अहो काकू, ते कशाला करतील?"

"फोटो मागच्या अंगणाचा आहे म्हणे. मागं जायचं तर फाटकातूनच जावं लागतं, आणि किल्ली कुणाकडे? त्याच्याकडे. मागं एकदा विचारलंही होतं त्यानं, काकू, विकायचं झालं तर आधी मला सांगा, गॅरेज वाढवायचंय. तेव्हा नाही लक्षात आलं माझ्या. डोळा आहे त्याचा घरावर."

"तसं नसेल हो."

"तू भोळी आहेस गं. पोरीच्या मागं दिवस जातो तुझा, तुला काय कळणार जगाचं."

हीच वेळ होती. चहा उकळत होता, ढमी त्यांच्या मांडीवर होती, घरात तिसरं माणूस नव्हतं. फोटो आमच्या खिडकीतून काढलाय, एवढं वाक्य म्हणायचं होतं. मी विचारलं, "साखर किती घालू?" इतकी वर्षं त्यांना चहा देतेय, मला माहीत नव्हतं का?

काकू निघाल्या त्या घरी गेल्या नाहीत. वरच्या खिडकीतून मला दिसलं, त्या तरातरा गॅरेजपाशी गेल्या. शब्द तुटक तुटक वर येत होते. "किल्ली दिली ती विश्वासानं!" आणि मग, "समोर गोड बोलायचं आणि मागून चोरासारखं..." गॅरेजवाले पाना हातात घेऊन उभे होते. दोन गिऱ्हाइकं बघत होती. ते काहीतरी म्हणाले, काकूंनी हाताने उडवून लावलं. मग गॅरेजवाल्यांनी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली सोडवली आणि काकूंच्या हातावर ठेवली. फेकली असती तर बरं झालं असतं. हळूच ठेवली.

मी पडद्याआड होते. जिना उतरून दार उघडायचं, एवढंच करायचं होतं. ढमी कडेवर आहे, पायात चप्पल नाही, भांडणात लहान मूल कसं न्यायचं, अशी एकेक सबब मी हाताशी घेत राहिले आणि तोवर काकू वळणावरून दिसेनाशा झाल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग बोलायचंस ना."

"तू बोल."

"तक्रार तू केलीस."

"मुलगी दोघांची आहे."

"अगं, पण चूक काय केलीस तू? पाणी साठलं होतं, तू कळवलंस. गॅरेजवाले आणि त्या, त्यांचं ते बघून घेतील."

चूक काय केलीस, हे वाक्य मी पुढचे काही दिवस तोंडात गोळीसारखं चघळलं. गोड काही लागेना. काकूंचं अंगण आता कुणी झाडत नव्हतं. वाळकी पानं पायरीवर चढली, पिवळ्या पाटीपाशी कुणीतरी रिकामी बाटली उभी करून गेलं. चार दिवसांत घर खरोखरच टाकून दिल्यासारखं दिसायला लागलं.

मग तपासनीस आल्या. पायात बूट, डोक्यावर टोपी, हातात बँकेकडून आणलेली किल्ली. आमचीच बेल वाजवली.

"शेजारी तुम्हीच ना? जरा पंच म्हणून चला. एकटीनं आत गेलं की लोक म्हणतात बाईनं दाराच्या कड्या पळवल्या."

ढमीला घेऊन गेले. तपासनीसबाई बोलक्या होत्या. "लोकांची घरं रिकामी होतात आणि माझा पगार होतो. आई म्हणते, दुसरी नोकरी बघ. मी म्हणते, ही सोडली तर आणखी एक घर रिकामं होईल, माझं." स्वतःच हसल्या. पुढचं अंगण बघून चुकचुकल्या, फोटो काढले, मागे गेलो.

खाली उभं राहून ते अंगण मी कितीतरी दिवसांनी बघत होते. टबाभोवती कुंड्या मांडलेल्या होत्या, पार घराच्या दारापर्यंत, आणि सगळ्यांत रोपांच्या वाळलेल्या काड्या. टबाच्या काठावर एक मग उपडा घातलेला. आणि टबाच्या बरोब्बर वर, आमच्या सामाईक भिंतीच्या माथ्यावरून, एक करडा पाइप तोंड वाकवून बसला होता. त्याखाली भिंतीवर पांढरा क्षाराचा ओघळ.

पाइप आमचा होता.

ढमी झाली तेव्हा गच्चीवर दुसरी टाकी बसवून घेतली होती. प्लंबर वरून ओरडला होता, "ताई, टाकी भरून वाहिली तर पाणी कुठं सोडू?" मी जिन्यात उभी होते, बाळ नुकतं झोपलं होतं. "कुठेही सोडा, फक्त ते ड्रिल बंद करा," असं म्हणाले होते. त्यानंतर त्या पाण्याचा विचार मी एकदाही केला नव्हता. विचार काकूंनी केला होता. खाली टब ठेवला होता, झाडांना पाणी घालायला मग ठेवला होता, बाग केली होती. त्या गेल्यावर टब उपसायला कुणी राहिलं नाही.

"काय गंमत बघा," तपासनीसबाई टबाकडे बघत म्हणाल्या. "नळ तोडलेला, टाकी कोरडी. मग पाणी येतं कुठून? छत गळत असणार वरून. म्हणजे छतही गेलं या घराचं." त्यांनी लिहायला घेतलं. "ही लाल पाटीची केस आहे. लावण्याआधी एक सुनावणी होते ऑफिसात, ती नावालाच. करा इथे सही."

तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य काय निघालं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या मुलीला डास चावले ते माझ्या पाण्यातले. मी रोज बघते, असं डॉक्टरांना सांगणाऱ्या बाईच्या पाण्यातले. ढमी पाइपकडे बोट दाखवून "ऊ, ऊ" करत होती; ती कशालाही बोट दाखवते. मी तिचं बोट मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने सही केली.

घरी येऊन गच्चीवर गेले. टाकीतला फ्लोट एका बाजूला अडकून बसला होता आणि बारीक धार निवांत पाइपकडे निघाली होती. हाताने ढकलला तर सरळ झाला. इतकंच काम होतं ते.

"मग संपलं की," नवरा म्हणाला. "पाणी बंद, डास बंद."

"लाल पाटी बंद नाही झाली."

"तू जाऊन सांगितलंस तर आपल्याला नोटीस येईल."

"येऊ दे."

तो म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" त्याला सुट्टी मिळणार नव्हती हे दोघांनाही माहीत होतं, तरी विचारलं ते बरं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी वॉर्ड ऑफिसात बाकावर काकू बसल्या होत्या. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, तू? लेकराला घेऊन कशाला आलीस एवढ्या लांब? माझ्यासाठी?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही. तेवढ्यात आत बोलावलं.

साहेबांनी फाइल उघडली, तपासनीसबाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि मी मध्येच बोलले. आधी पाइप सांगितला, मग टाकी, मग फोटो कुठून काढले ते. उलट्या क्रमाने, आधी सोपं ते.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एक मिनिट. तक्रार तुमची, पंच तुम्ही, आणि पाणीही तुमचंच?"

"हो."

"अहो मॅडम," तपासनीसबाई म्हणाल्या, "छत बघायला मी दुसऱ्या दिवशी शिडी लावून चढले! दोन पायऱ्या मोडक्या होत्या तिच्या!"

काकू पर्सची चेन थोडी उघडत होत्या, थोडी लावत होत्या.

साहेबांनी निकाल दिला तो असा. पाणी बाहेरून आलं, म्हणून लाल पाटी तूर्त थांबली. नोटीस आम्हाला. घराची सोमवारी पुन्हा तपासणी. पण अंगण साफ हवं, आणि देखभालीच्या माणसाने सोमवारी समोर उभं राहून सही करायला हवी. "बँकेच्या कागदावर ज्यांचं नाव आहे त्यांनी. ते गॅरेजवाले. माणूसच नसेल तर पिवळी पाटीसुद्धा टिकत नाही, लालच लागते, मग मी काही करू शकत नाही."

बाहेर व्हरांड्यात काकू थांबल्या. मी म्हटलं, "काकू, मला त्या पाइपचं खरंच..."

"पाइपचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ओली बाळंतीण होतीस तू. रात्र रात्र पोर रडायचं, मला ऐकू यायचं. त्यात पाइप काय सांगत बसू? टब ठेवला, झालं." त्या ढमीकडे बघत बोलत होत्या, माझ्याकडे नाही. "तक्रार केलीस त्याचंही काही नाही. आई आहेस, मीही केली असती. पण मी तुझ्या घरात बसून त्या माणसाचं नाव घेतलं. तू चहा गाळत होतीस. तुझ्या दारातून उठून मी त्याला चार लोकांत चोर म्हणून आले. तू जाऊ दिलंस मला तसं."

मी ढमीचा फ्रॉक सारखा केला.

"आता त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं उभी राहू?" त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "तू जा. तू सांग त्याला."

बसमध्ये त्या पुढच्या सीटवर बसल्या, मी मागे. कोपऱ्यावर उतरल्यावर त्या लांबच थांबल्या, बंद दुकानाच्या सावलीत.

गॅरेजमध्ये एक गाडी जॅकवर उचलून ठेवलेली आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर.

"भाऊ," मी हाक मारली.

"बोला वहिनी. ऐकतोय." पाय हलले नाहीत.

पायांशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं. साहेबांपुढे पाइपपासून सुरुवात केली होती. इथे तसं चालणार नव्हतं. "तक्रार मी केली होती. काकू तुम्हाला बोलल्या तेव्हा मी वर खिडकीत होते. ऐकत होते. खाली आले नाही."

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज थांबला. मग ते सरकत बाहेर आले, उठून बसले, आणि चिंधीने एकेक बोट पुसायला लागले.

"त्या दोन गिऱ्हाइकांतला एक जण," ते म्हणाले, "परत आला नाही. म्हणजे गाडी दुसरीकडे नेली. आता तो सगळीकडे सांगत असेल की नाही, कोण जाणे. मी त्याला काय सांगणार? मी चोर नाही, असं?"

"मी सांगते त्याला."

"कुठं शोधणार तुम्ही त्याला?" त्यांना राग आल्यासारखा दिसत नव्हता. ते नुसतेच दमलेले दिसत होते.

मी सोमवारचं सांगितलं आणि किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"काकूंनी दिली होती. काकूंनीच परत घेतली. त्यांना द्यायची असेल तर त्या देतील. तुमच्या हातची नको मला."

मी मागे वळून पाहिलं. काकूंना ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं, पण माझा हात तसाच पुढे राहिलेला त्यांना दिसला असणार. त्या सावलीतून निघाल्या आणि चालत आल्या, नेहमीपेक्षा पुष्कळ सावकाश. माझ्या हातातून किल्ली उचलली, माझ्याकडे न बघता.

"घे रे," त्या गॅरेजवाल्यांना म्हणाल्या. "चुकले मी. तोंड फार चालतं माझं."

"मशीनपेक्षा जास्त," ते म्हणाले.

"ते तुला आधीपासून माहीत होतं."

"होतं म्हणून तर किल्ली हातात दिली. नाहीतर गटारात टाकणार होतो." त्यांनी किल्ली घेतली, उठले, आणि भिंतीला टेकवलेला खराटा काढला. "चला. सोमवार काय आपल्यासाठी थांबणार नाही."

दोघं पुढे गेले. फाटक करकरत उघडलं. मी बाहेरच उभी राहिले. काकू पायरीवरची पानं पायाने बाजूला सारत म्हणाल्या, वॉर्डातला साहेब चांगला दिसला, बँकेचे कागद या महिन्यात आले तर आले. नाही आले तर काय करायचं ते तेव्हा बघू. ते म्हणाले, टब आधी उलटा करू. मग दोघं घराच्या मागे गेले आणि पाणी फरशीवरून वाहत पुढे आलं, हिरवं, वास मारणारं, माझ्या चपलांपर्यंत.

मी ढमीला दुसऱ्या कडेवर घेतलं, आत गेले आणि वाकून पानं गोळा करायला लागले. एका हाताने जमेल तेवढी.

काकू कोपऱ्यावरून आल्या, रिकामा टब ओढत. मला बघून थांबल्या. वळून गॅरेजवाल्यांना म्हणाल्या, "अरे, तिला सांग, पोरीला आधी घरी ठेवून ये म्हणावं. इथं डास आहेत."

"वहिनी, काकू म्हणताहेत..."

"ऐकलं मी," मी म्हटलं.